घोरणं हे गाढ झोपेचं सर्टिफिकेट नव्हे

‘पाठ टेकताच ज्याला झोप लागते आणि जो मनसोक्त घोरतो, त्याच्याइतका निरोगी माणूस नाही,’ असं सुरू होणारा एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातला एक जण समोरच्याशी बोलता बोलता पेंगतो, हे पाठवताना त्याच्या ध्यानात आलं नसावं.

मेसेज लांबलचक आहे, पण म्हणणं एवढंच. घोरणं म्हणजे गाढ झोप. लगेच झोप लागणं म्हणजे मन साफ. झोप येत नसेल तर डोळे मिटून पडून राहावं, ती आपोआप येते. रात्री पाय चुळबुळतात ते दमल्यामुळे. झोपेत ओरडणं, लाथा झाडणं ही नुसती स्वप्नं. उतारवयात झोप कमी व्हायचीच. आणि शेवटी ठसक्यात: ‘झोपेचे आजार’ हे मशीन विकणाऱ्या कंपन्यांनी अलीकडे काढलेलं खूळ आहे.

मी डॉक्टर नाही. झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनचा मास्क रोज रात्री नाकावर चढवून झोपणारा पेशंट आहे आणि त्याआधीची बरीच वर्षं मी याच समजुतींवर काढली आहेत. या मेसेजची खरी खोड अशी, की तो झोपणाऱ्यालाच साक्षीला उभा करतो. घटना घडत असताना जो एकटाच हजर नव्हता त्यालाच विचारायचं, काय झालं म्हणून!

तर घोरणं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या चिंचोळ्या वाटेतून हवा जाताना टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ थरथरतात, त्याचा तो आवाज. म्हणजे हा आवाज झोपेच्या खोलीचा नाही, वाटेतल्या अडथळ्याचा आहे. सगळेच घोरणारे आजारी असतात असं नाही; सर्दीत नाक चोंदलं की कोणीही घोरतं. पण काहींची वाट पूर्ण मिटते. छाती-पोट हलत राहतं, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, स्नायू आवळले जातात, मोठा घुरका येतो आणि श्वास सुरू. थोड्या वेळाने पुन्हा तेच. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला किंवा फार उथळ झाला तर तो एक प्रसंग धरतात. तासाला ५ ते १५ प्रसंग म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी झोपमोड! आणि सकाळी यातलं काहीही आठवत नाही, कारण ती जाग इतकी आखूड असते की तिची नोंदच होत नाही. माणूस आठ तास अंथरुणात असतो आणि ‘मेल्यासारखा झोपलो होतो’ असं प्रामाणिकपणे सांगतो.

म्हणून शेजारी झोपणाऱ्याने आवाजाकडे नव्हे, मधल्या शांततेकडे कान द्यावा. घोरता घोरता अचानक सगळं गप्प होतं, ऐकणाऱ्याचा जीव वरखाली होतो, आणि मग गुदमरल्यासारखा घुरका. ही सगळ्यांत मोठी खूण. बाकीच्या खुणा दिवसा दिसतात: उठल्यावर तोंडाला कोरड, जड डोकं, आणि गोळ्या घेऊनही खाली न येणारं ब्लडप्रेशर. एक खूण तर बहुतेक जण भलत्याच खात्यात टाकतात, ती म्हणजे रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं. मिटलेल्या वाटेतून हवा ओढण्याच्या झटापटीत हृदयाचे कप्पे ताणले जातात. अंगात पाणी जास्त झालंय अशी हृदयाची समजूत होते आणि लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. मीही प्रोस्टेटची आणि साखरेची तपासणी करून बसलो होतो. त्या तपासण्या करायला हव्यातच, पण दोन्हींत काही निघालं नाही तर झोपेकडे बघायचं कोणाला सुचत नाही.

‘हे जाड्या माणसांचं दुखणं’ ही याच मेसेजची उपकथा. वजन आणि जाड मान हे मोठं कारण आहे, खरं. पण हनुवटी मागे असलेल्या सडसडीत माणसाचीही वाट मुळातच अरुंद असते. बायकांमध्ये हा आजार अनेकदा चोरपावलांनी येतो. घुरके कमी, थकवा, तुटक झोप आणि उदासपणा जास्त. त्यामुळे तो निदानातून निसटतो. पाळी गेल्यानंतर धोका वाढतो. लहान मुलांत तर चित्रच उलटं. वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी यांमुळे मूल तोंड उघडं टाकून घोरतं, झोपेत घामेघूम होतं, अंथरूण ओलं करतं. दिवसा मात्र ते पेंगत नाही, उलट सैरभैर होतं, एका जागी बसत नाही. त्याच्यावर ‘वांड’ असा शिक्का बसतो. रोज घोरणारं मूल कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

दुसरा मुद्दा, पाठ टेकताच झोप. उपाशी माणूस ताटावर तुटून पडला तर त्याचं पचन उत्तम आहे असं आपण म्हणत नाही. पुरेशी झोप मिळालेल्या माणसाला झोप लागायला साधारण १० ते २० मिनिटं लागतात. झोपेच्या लॅबमध्ये एक दिवसाची चाचणी असते. दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायचं आणि झोप किती मिनिटांत लागते ते मोजायचं. सरासरी ८ मिनिटं किंवा त्याहून कमी आली तर तो दोष समजतात, कौतुक नव्हे.

घरच्या घरी करायची चाचणीही आहे. ऑस्ट्रेलियातले डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये आठ प्रश्नांची एक साधी मोजपट्टी मांडली, एपवर्थ स्केल. वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर निवांत बसल्यावर, तासभराच्या प्रवासात वगैरे डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज १० च्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवावं. पण माझ्या मते त्यातल्या दोन प्रश्नांना बेरजेची वाट बघायची गरज नाही: कोणाशी बोलत बसलेले असताना, आणि गाडी रहदारीत थांबलेली असताना. इथे डुलकी लागत असेल तर स्वतः गाडी चालवणं आजच थांबवायचं. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं हे उपाय नव्हेत.

इथे एक फरक फार कामाचा आहे. थकवा वेगळा आणि पेंग वेगळी. निद्रानाश असलेला माणूस दिवसभर गळून गेलेला असतो, पण दुपारी आडवं केलं तरी त्याचा डोळा लागत नाही. ॲप्नियावाला खुर्चीत बसल्या बसल्या झोपी जातो. ‘दमलोय’ या एका शब्दात आपण दोन्ही कोंबतो आणि डॉक्टरांची दिशा चुकवतो.

पेंगेचा आणखी एक, दुर्मीळ प्रकार म्हणजे नार्कोलेप्सी. मेंदूला जागं ठेवणारं ओरेक्सिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी नाहीशा होतात. सुरुवात बऱ्याचदा पौगंडावस्थेत होते, म्हणून ते पोर ‘आळशी’ ठरतं. यातली एक खूण विसरता येणार नाही अशी आहे. खळखळून हसताना अचानक गुडघे लुळे पडतात, जबडा सैल होतो, हातातली वस्तू गळते, आणि शुद्ध मात्र पूर्ण असते. ती फिट नव्हे. (पहाटे जाग आली पण अंग हलवता येत नाही, छातीवर कोणी बसलंय असं वाटतं, हा अनुभव एरवी धडधाकट माणसांनाही कधीमधी येतो. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही, भुताखेताचं तर मुळीच नाही.)

तिसरा सल्ला, ‘डोळे मिटून पडून राहा’, हा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. एखाद-दुसऱ्या रात्री ठीक. पण आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोपेचं खोबरं होत असेल आणि दिवसही त्यात बुडत असेल तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. तासन्‌तास कुशी बदलत पडून राहिलं की अंथरूण म्हणजे जागरण, अशी मेंदूची गाठ पक्की होते. असे लोक सोफ्यावर झोपून जातात आणि पलंगावर आले की टक्क जागे! ही गाठ सोडवायची रीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्येच सांगितली. झोप येत नसेल तर उठा, मंद उजेडात काहीतरी शांत करा, डोळे जड झाले की परत या, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठा. याच विचारावर उभी राहिलेली वर्तनोपचाराची पद्धत गोळ्यांच्या आधी वापरावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं. आणि घोरणाऱ्याने स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेणं तर अजिबात नको. काही गोळ्या आणि दारू घशाचे स्नायू आणखी सैल करतात.

मात्र रोज पहाटे तीन-चारला जाग येणं, मन काळवंडलेलं, कशातच रस नाही, हे केवळ झोपेचं प्रकरण नसतं. नैराश्य अनेकदा याच दाराने आत येतं. उलट एखाद्याला तीनला झोप लागते आणि अकराला तो ताजातवाना उठतो, तर त्याची झोप धड आहे, शरीराचं घड्याळ सरकलेलं आहे.

पायांचं थोडक्यात. दमलेले पाय आडवं झाल्यावर निवतात. रेस्टलेस लेग्ज म्हणजे अस्वस्थ पायांच्या आजारात नेमकं उलट होतं. संध्याकाळी-रात्री स्वस्थ बसलं किंवा पडलं की पायांत आतून किडे वळवळल्यासारखं, ओढल्यासारखं होतं, हलवल्याशिवाय राहवत नाही, चार पावलं चाललं की बरं वाटतं. गोळा येतो तो वेगळा; त्यात स्नायू दगडासारखा होतो. लोहाची कमतरता हे एक नेहमीचं कारण, आणि ती हिमोग्लोबिन ठीक असतानाही असू शकते, म्हणून फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासतात. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारातही हा त्रास होतो. काही सर्दी-ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या गोळ्यांनी वाढतो. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय सुरू करू नयेत.

झोपेत लाथा झाडण्यावर मेसेज हसण्याची इमोजी टाकतो. झोप लागता लागता अंगाला एक झटका बसतो तो निरुपद्रवी. झोपेतली बडबडही बहुतेकदा तशीच. लहान मुलं रात्रीच्या पहिल्या प्रहरात किंचाळत उठतात किंवा चालतात, सकाळी त्यांना काही आठवत नाही, आणि मोठेपणी बहुतेकांचं ते थांबतं. पण पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला दंगा वेगळा. स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत शरीराचे स्नायू जणू कुलूपबंद असतात. ते कुलूप बिघडलं की माणूस स्वप्नातली मारामारी अंथरुणात करतो: ठोसे, लाथा, शिव्या, पलंगावरून उडी. हे पहाटेकडे जास्त होतं, आणि उठवलं तर तो स्वप्न नीट सांगतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. २०१९ मध्ये १,२८० रुग्णांचा एकत्रित अभ्यास आला. त्यानुसार १२ वर्षांत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना पार्किन्सन किंवा त्याच कुळातला विसराळूपणाचा आजार होण्याची शक्यता दिसली. प्रत्येक लाथेमागे हेच असतं असं नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असं होतं, तीव्र ॲप्नियातही सोंग असंच दिसतं. पण न्यूरॉलॉजिस्टकडे जायला तेवढं कारण पुरे आहे. तोवर पलंगाजवळून काचेच्या आणि टोकदार वस्तू हलवाव्यात.

वयाचं म्हणाल तर उतारवयात झोप हलकी होते, लवकर येते, लवकर मोडते, हे बरोबर. पण गरज सात तासांच्या आसपासच राहते. ‘वयच झालं’ म्हणून दिवसभर पेंगणाऱ्या आजोबांची तपासणी टाळणं याला आधार नाही.

राहिलं कंपन्यांचं खूळ. पायांच्या अस्वस्थतेचं वर्णन इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी सतराव्या शतकात करून ठेवलंय. नार्कोलेप्सीला नाव दिलं फ्रान्सच्या जेलिनो यांनी, १८८० मध्ये. ॲप्नियाची नोंद १९६५ ची, आणि तेव्हा विकायला मशीन नव्हतंच. तीव्र रुग्णाला घशाला भोक पाडून नळी बसवण्याखेरीज फारसा इलाज नव्हता. सिडनीत कॉलिन सुलिवन यांनी १९८१ मध्ये हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवणारं पहिलं यंत्र जमवलं, तेही व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर. आजार आधी आला, दुकान नंतर. दुकानदार आज गरजेपेक्षा जास्त विकतात का? विकत असतील. त्यावर उत्तर म्हणजे नीट तपासणी करून घेणं.

तपासणीला जाताना दोन आठवड्यांची झोपेची वही न्यावी: कधी पडलो, कधी उठलो, मधे किती वेळा, दिवसा कुठे डुलकी लागली. शेजारच्याने मोबाइलवर घेतलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ न्यावा, त्यात छाती आणि चेहरा दोन्ही दिसायला हवेत. आणि जमलं तर तो शेजारचा माणूसही न्यावा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘झोप कशी लागते?’ या प्रश्नाला मी ‘एकदम मस्त’ असं उत्तर दिलं होतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही. खुर्ची माझ्या बायकोकडे वळवली आणि म्हणाले, ‘आता तुम्ही सांगा.’