माळावर झाडं लावू नका

जून आला की सोलापुरात दोन गोष्टी हमखास होतात. पाऊस हुलकावणी देतो आणि वृक्षारोपणाची निमंत्रणं येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर यंदाचीही येऊन पडलीत. जागा ठरलेली: गावाबाहेरचं गायरान, नाहीतर एखादा मोकळा माळ. "चला, ओसाड माळ हिरवा करूया!" मी जाणार नाहीये. का जाणार नाही ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे दरवर्षी तोंड चुकवायला नको.

आपला माळ ओसाड नाहीच मुळी. वीतभर मुरमाड माती, खाली काळा कातळ, वर्षाला जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस आणि तोही लहरी. इथं गवतच नीट येतं. मार्चमध्ये वाळून कोळ झालेलं दिसतं, पण मुळं जिवंत असतात. दोन पाऊस झाले की पुन्हा कोंब. कुसळी गवताचं एक बी हातात घेऊन बघा. टोकाला भाल्यासारखी अणी, मागे पीळ घातलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि त्या फिरण्यात ते बी स्वतःच जमिनीत घुसतं. खड्डा नको, ट्री गार्ड नको, टँकर नको. (तुमच्या पँटीतही तसंच घुसतं, तो भाग वेगळा.)

आणि आपण काय करतो? जेसीबी लावून त्याच गवतावर चर मारतो. गेल्या वर्षी असंच एका ठिकाणी झालं. रोपं लावली, फोटो निघाले, भाषणं झाली. उन्हाळ्यात तिथं मेंढरं चारणारे एक मामा भेटले. म्हणाले, "सर, ह्या चरात माझं कोकरू पडलं, पाय गेला त्याचा. तुमचं झाड कुठाय ते दावा." दाखवायला काही नव्हतं. वाळक्या काड्या आणि काळ्या पिशव्या.

जिथं झाडं जगली तिथली गत आणखी वाईट. जगतो तो बहुतेक ग्लिरिसिडिया, आपली उंदीरमारी. मूळचं झाड मध्य अमेरिकेतलं. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लावणाऱ्याला सोयीचं. सावली धरली की खालचं गवत जातं. मग मेंढरांनी खायचं काय? धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे तळ, उन्हाळ्यात शेतात बसतात, रानाला खत मिळतं, ती सगळी साखळी या गवतावर उभी आहे. उजनीच्या पाण्यावर आपण रात्रभर भांडू शकतो, गवताचा विषय मात्र कुणाच्याच अजेंड्यावर नसतो.

सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण तर घरचंच आहे. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर मिळून जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर. नकाशावर अख्खी गावंच्या गावं अभयारण्यात. जमिनीचे व्यवहार, बांधकामं अडली आणि लोकांचा राग निघाला पक्ष्यावर. तो राग खोटा नव्हता. पुढे क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण हा वाद एकीकडे चालू असताना दुसरीकडे कुरणांतच झाडं लावली गेली होती. माळढोक पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. त्याला लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते, दाट झाडी त्याच्या कामाची नाही. शिकार झाली, बागायत वाढली, विजेच्या तारा आल्या, त्यात ही हिरवळ. आज नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. काळविटाचंही तसंच, लांबून धोका दिसला तर पळणार. लांडगा, खोकड, धाविक, हिवाळ्यात येणारे भोवत्या ससाणे, सगळी मोकळ्या माळाची मंडळी.

२०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. एवढ्या झाडांना जागा कुठली काढणार? शेतकरी देणार नाही, बिल्डर तर नाहीच नाही. उरतो माळ. त्याच्या बाजूने बोलायला ग्रामसभेत कुणी उभं राहत नाही, शिवाय सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक जमीन. मुरूम उपसणाऱ्या डंपरवाल्यांनाही तोच सापडतो.

"म्हणजे झाडंच लावायची नाहीत का?" असं कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. लावा की! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, सात रस्त्यावर सिग्नलला थांबलं की डोकं भाजून निघतं. तिथं लावा. होटगी रोडला लावा, शाळांच्या मैदानांभोवती लावा, कडुनिंब, चिंच, करंज. गावात लावायची तर बांधावर बोर-बाभूळ, ओढ्याकाठी उंबर. माळावर फारच काही करायची हौस असेल तर उंदीरमारी काढायला या, आणि पाऊसकाळात गवत बी धरेपर्यंत चराई थांबवायची का, हे मेंढपाळांना सोबत घेऊन ठरवा. त्यांना न विचारता बंदीचा बोर्ड ठोकू नका.

शहरात खड्डे खणणार असाल तर मला जरूर टॅग करा, टिकाव घेऊन येतो. फक्त फेब्रुवारी ते मे पाणी कोण घालणार, त्यांची नावं आधी ग्रुपवर टाका.