बी.एस्सी. झालास, आता फॉर्म भर

अभिनंदन, भो! केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालास. आता भाऊबंद विचारतील, "पुढे काय?" घाबरू नको. कॉलेजने तुझी तयारी पक्की करून घेतली आहे.

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. हे तुला आता झोपेतही जमतं. स्कॉलरशिपचं पोर्टल बंद पडलं की रात्री दोनला जागून ओटीपीची वाट बघायची, हेही अंगवळणी पडलं. प्रॅक्टिकलचं जर्नल सिनिअरचं बघून उतरवलंस, त्याच्या खाडाखोडीसकट. त्यानेही ते त्याच्या सिनिअरचंच उतरवलं होतं, म्हणजे परंपरा राखल्याचं पुण्य वेगळं!

शेतात मात्र जाऊ नको. गेलास तर केळीला ठिबकमधून १९:१९:१९ सोडताना वडील विचारतील, "यातला मधला आकडा कशाचा रे?" केमिस्ट्रीवाल्याने असल्या प्रश्नात पडू नये. ते स्फुरद आहे हे कृषी केंद्रवाला सांगेल, तो दहावी आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली जिचं नाव मिळालं, त्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना कुठे लिहिता-वाचता येत होतं, असंही वडिलांना सुनावू नको. त्यांना शेती येत होती. तिथे तुझी पंचाईत होईल.

त्यापेक्षा जळगावला अभ्यासिका लाव. खुर्ची पंख्याखालची धर आणि तलाठी भरतीच्या मागे लाग. २०२३ साली साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले. खुल्या गटाची फी तेव्हा १००० रुपये होती. सातबारा वाचता येत नसला तरी हरकत नाही, ते पास झाल्यावर बघू. दरम्यान घरी स्थळ आलंच, तर "मुलगा स्पर्धा परीक्षा करतो" एवढं सांगायचं. यातलं "करतो" हे क्रियापद निदान चार वर्षं पुरतं.

सुरतेला उधन्यात चुलतभाऊ कारखान्यात लागलाय, बारावी नापास, दिवाळीला घरी पैसे पाठवतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नको. त्याला करिअर म्हणत नाहीत.

अडलंच काही, तर ज्यांनी केमिस्ट्री शिकवली त्या सरांना भेट. प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झालेले, तासिका तत्त्वावरचे. सुट्टीत तास नाहीत, म्हणून पगारही नाही, तेव्हा मोकळेच सापडतील. बोलता बोलता त्यांना तलाठीचं सेंटर कुठलं आलं होतं तेही विचारून घे. पुढच्या वेळी दोघं मिळून गाडी करा, भाडं निम्मं पडेल.