पाच डब्यांचे वायफाय

मुंबईत राहणाऱ्या महाजनांना, म्हणजे देवळाच्या कुळी सभासदांना, जत्रेचे नाटक घरबसल्या दिसावे आणि प्रेक्षकांना फुकट वायफाय मिळावे, असा ठराव आमच्या देवळाच्या समितीने एकमताने केला. गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यात एकमत झाले, की काम कोणाच्या तरी गळ्यात पडणार हे नक्की. "तू कॉम्प्युटरातला मरे?" असे अध्यक्षांनी विचारले तेव्हाच माझा गळा ठरला.

राउटर खजिनदारांनी आधीच आणला होता आणि चोरीला जाऊ नये म्हणून कचेरीतल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावले होते. वायर फटीतून आत सोडलेली. "दिवा पेटतोय बघ," म्हणून त्यांनी मला फटीला डोळा लावायला लावला. दिवा खरेच पेटत होता. लहरी मात्र पत्र्यात कोंडलेल्या!

तो बाहेर काढून रंगमंचाच्या कडेला ठेवला. दुपारी रिकाम्या मंडपात फोन घेऊन फिरलो, सगळीकडे रेंज भरपूर. रंगीत तालमीला अख्खा गाव लोटला आणि तिसऱ्या रांगेपलीकडे रेंज गायब. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी, आणि वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात जिरते. डबा कमरेच्या उंचीवर ठेवला, तर पहिल्या रांगेतले मान्यवरच तिला गिळून टाकतात.

"मग आणखी चार आणूया," खजिनदार म्हणाले, आणि आणलेही. प्लग तिथेच म्हणून पाचही रंगमंचावर ओळीने मांडले. अँटेनांची टोके प्रेक्षकांवर रोखली. अशा दांड्याची लहर बाजूंनी पसरते, टोकाच्या दिशेने सर्वात कमी जाते. पण हे सांगणाऱ्यालाच लोक अर्धवट समजतात.

पाच डब्यांनी पाचपट वायफाय होत नाही. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी आधी ऐकून गप्प राहायचे. महाजनांच्या सभेत हा शिष्टाचार मी अजून पाहिलेला नाही. त्यात मागे एखादा जुना फोन संथपणे बोलू लागला, की त्याचे संपेपर्यंत सगळे ताटकळतात. म्हणून मी सर्वात कमी वेग बंदच करून टाकले. पॉवरही कमी केली. "पैसे भरून आवाज बारीक करतो?" अध्यक्ष उखडले. अहो, डब्याने कितीही ओरडून काय उपयोग? फोनचे उत्तर त्याला ऐकू यायला नको?

मोठ्या स्टेडियममध्ये ऍक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय सोडणारे असेच डबे, खुर्च्यांखालीही बसवतात. आमच्या खुर्च्या प्लॅस्टिकच्या, दुपारी महाप्रसादाला जातात आणि भलत्याच क्रमाने परततात. तेव्हा वरूनच. पण कोरीव खांबाला खिळा मारायचा म्हणताच पुजारी, अध्यक्ष आणि दोन आज्या एकदमच उभ्या राहिल्या. शेवटी मंडपवाल्याच्या छताच्या लोखंडी कैचीला, डोक्यांच्या वर, तोंड खाली करून दोनच डबे बांधले. एक १ वर, एक ११ वर, जवळच्या फोनांना ५ गिगाहर्ट्झ, हा वायफायचा दुसरा, कमी पल्ल्याचा पट्टा. लाइव्हच्या कॅमेऱ्याला थेट केबल दिली, त्याला या गर्दीत कशाला सोडायचे? डेकोरेटरने रात्री दोन्ही डब्यांभोवती चंदेरी झिरमिळ्या गुंडाळल्या होत्या. त्या मी पहाटे शिडीवर चढून, शिव्या घालत सोडवल्या.

नाटक मुंबईला नीट दिसले. मध्यंतरात खजिनदार उरलेले तीन डबे पिशवीत घालून माझ्याकडे आले.

"हे दुकानदार परत घेईल मरे?"