‘शेअरपॉइंटची नवीन एडिशन म्हणजे 2019 लाच नवा रंग’ असं फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

आयटीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय की शेअरपॉइंट सर्व्हर, म्हणजे कंपनीची कागदपत्रं ठेवायचं मायक्रोसॉफ्टचं सर्व्हर सॉफ्टवेअर, त्याच्या नव्या सबस्क्रिप्शन एडिशनमध्ये नवीन काहीच नाही, 2016 किंवा 2019 हे जुनं व्हर्जन नीट चालू असेल तर हात लावू नका, सपोर्ट संपला म्हणून सर्व्हर बंद पडत नाही, अपग्रेड म्हणजे सगळा डेटा नव्याने हलवायचा, वर कायमचं भाडं भरायचं, आणि शेवटी क्लाउडवरच जायचंय तर मधेच हा खर्च कशाला. हे वाचून लोक मॅनेजरला पाठवतात, मॅनेजर बजेट कापतो आणि मग सर्व्हर सांभाळणारा पोरगा एकटा अडकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, नवीन काही नाही. ही एडिशन 2 नोव्हेंबर 2021 ला आली आणि वापरणाऱ्याला पहिल्या दिवशी स्क्रीन बरीचशी 2019 सारखीच दिसते हे खरं आहे. पण फरक ॲडमिनच्या बाजूला आहे. लॉगिनला ओआयडीसी ही नवी पद्धत आली, म्हणजे एन्ट्रा आयडीला (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची लॉगिन सेवा) जोडायला सॅमल 1.1 या जुन्या पद्धतीच्या भानगडीत पडायला नको. ज्यांनी सॅमलवर फार्म (शेअरपॉइंटच्या सर्व्हरांचा संच) चालवलाय त्यांना माहितीये की पीपल पिकरमध्ये, म्हणजे परमिशन देताना माणूस निवडायच्या चौकटीत, काहीही टाईप केलं तरी तो ‘हा युजर आहे’ म्हणून स्वीकारतो, स्पेलिंग चुकलं तरी परमिशन दिली जाते आणि खरा माणूस मात्र ॲक्सेस नाही म्हणून फोन करत बसतो. आता पिकर युजर प्रोफाइलमधून शोधतो, त्यासाठी बाहेरचं काही बसवावं लागत नाही. वेबसाइटची सुरक्षा सर्टिफिकेट सेंट्रल ॲडमिन या शेअरपॉइंटच्याच ॲडमिन पानावरून लावता येतात, एक्सपायर व्हायच्या आधी कळतं. विंडोज सर्व्हर 2022 वर टीएलएस 1.3 हे कनेक्शनचं नवं एन्क्रिप्शन मिळतं, सर्व्हर कोअरवर (स्क्रीन-खिडक्या नसलेलं हलकं विंडोज) इन्स्टॉल होतं, आणि ॲपफॅब्रिक नावाची वेगळ्या सॉफ्टवेअरची डोकेदुखी गेली, त्यावर चालणारी डिस्ट्रिब्युटेड कॅश (सर्व्हरांची सामायिक तात्पुरती मेमरी) आता शेअरपॉइंटच्या आतच आहे. व्हायरस स्कॅनरला रिक्वेस्ट दाखवणारं एएमएसआय मात्र जुन्या व्हर्जनलाही दिलंय, ते फक्त नव्यात आहे असं कोणी सांगत असेल तर तेही चुकीचं.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक आहे, सपोर्ट संपला तरी चालतं. 2016 आणि 2019 दोन्हीचा सपोर्ट 14 जुलै 2026 ला संपतो. सर्व्हर 15 तारखेला चालूच राहणार, बरोबर, पण प्रश्न पॅचचा, म्हणजे सुरक्षेच्या फटी बुजवणाऱ्या अपडेटचा आहे. जुलै 2025 मध्ये काय झालं ते आठवा. 8 जुलैचा पॅच आला, हल्लेखोरांनी त्याला वळसा घातला, 18 तारखेच्या सुमाराला जगभरचे इंटरनेटवर उघडे असलेले शेअरपॉइंट सर्व्हर फुटायला लागले, लॉगिनसुद्धा लागत नव्हतं. सीव्हीई-2025-53770 या नंबरची सुरक्षेतली फट, टूलशेल नावाने गाजली ती हीच. सबस्क्रिप्शन एडिशन आणि 2019 ला तातडीचा पॅच 20 जुलैला आला, 2016 वाल्यांना 21 पर्यंत थांबावं लागलं, आणि 2013 वाल्यांना काहीच आलं नाही, कारण त्यांचा सपोर्ट एप्रिल 2023 मध्येच संपला होता. वर हल्लेखोर मशीन की (सर्व्हरची गुप्त किल्ली) चोरून न्यायचे, त्यामुळे नुसता पॅच मारून भागत नव्हतं, ही किल्ली बदलून आयआयएस हा विंडोजचा वेब सर्व्हर रिस्टार्ट केला नाही तर ते पॅचनंतरही आत येऊ शकत होते. पुढच्या वेळी असं काही निघालं तर 2016 आणि 2019 वाले त्या 2013 वाल्यांच्या रांगेत असतील.

यावर उत्तर येतं की आमचा सर्व्हर बाहेर उघडा नाही, आतल्या नेटवर्कमध्ये आहे. चांगलंय, धोका नक्की कमी होतो, पण एखाद्याच्या लॅपटॉपवर फिशिंगचा मेल उघडला की हल्लेखोरही आतल्याच नेटवर्कमध्ये असतो, आणि कंपनीचे सगळे कॉन्ट्रॅक्ट, पगाराच्या शीटा, टेंडर ज्या जागी ठेवलेत तीच जागा त्याला हवी असते. शिवाय शेअरपॉइंटचा डेटा ज्यात असतो त्या एसक्यूएल सर्व्हर 2016 या डेटाबेसचा सपोर्टही त्याच 14 जुलै 2026 ला संपतो आणि विंडोज सर्व्हर 2016 चा जानेवारी 2027 मध्ये. म्हणजे ज्यांचं खालचं सॉफ्टवेअरही 2016 चंच आहे त्यांचं खालपासून वरपर्यंत सगळंच बिनपॅचचं.

तिसरा मुद्दा, सगळा डेटा नव्याने हलवायचा. हे साफ चूक. 2016 आणि 2019 दोन्हीवरून थेट येता येतं, मधल्या व्हर्जनची गरज फक्त 2013 वाल्यांना. नवीन फार्म उभा करा, सगळ्या फाइल्स ज्यात असतात त्या कंटेंट डेटाबेसचा बॅकअप नव्या एसक्यूएलवर रिस्टोअर करा, टेस्ट-एसपीकंटेंटडेटाबेस ही कमांड चालवून काय काय कमी आहे ते बघा, मग तो डेटाबेस जोडायला माउंट-एसपीकंटेंटडेटाबेस. जुना फार्म जागेवरच राहतो, चाचणीत काही बिघडलं तर कॉपी फेकून परत सुरू करायचं. मेसेजने खरी अडचण सांगितलेलीच नाही. एसक्यूएल किमान 2019 लागतं. सर्चचा इंडेक्स येत नाही, पूर्ण क्रॉल, म्हणजे सगळा मजकूर वाचून इंडेक्स बनवणं, परत करावा लागतो आणि मोठ्या फार्मला त्याला वेळ लागतो, तो प्लॅनमध्ये धरा. डब्ल्यूएसपी सोल्युशन, म्हणजे फार्मवर बसवलेले कंपनीचे स्वतःचे प्रोग्रॅम, डॉटनेट 4.8 वर टेस्ट करावी लागतात, आणि ज्याचा सोर्स कोड कुणाकडेच नाही अशी एखादी डब्ल्यूएसपी जुन्या फार्ममध्ये हमखास सापडते, तिचा शोध आजच घ्या. पॉवरशेल या कमांडच्या साधनात शेअरपॉइंटचं जुनं स्नॅप-इन जाऊन मॉड्यूल आलंय, त्यामुळे रात्री टास्क शेड्युलरमधून चालणाऱ्या ज्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ॲड-पीएसस्नॅपइन आहे त्या सगळ्या आधी तपासून बदलाव्या लागणार. इंटरनेट एक्सप्लोरर 11 चालत नाही. आणि ही अशी शेवटची मोठी उडी आहे, इथून पुढे नवी फीचर्स वर्षातून साधारण दोनदा नेहमीच्या अपडेटमधूनच येतात, नवीन व्हर्जन म्हणून परत फार्म बांधायला लागत नाही.

भाड्याचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मान्य करायलाच पाहिजे. सर्व्हर आणि कॅल (प्रत्येक वापरणाऱ्याचं लायसन्स) दोन्हीवर सॉफ्टवेअर ॲश्युरन्स हा मायक्रोसॉफ्टचा पैसे भरून चालू ठेवायचा करार चालू हवा नाहीतर सबस्क्रिप्शन लायसन्स हवं, ते बंद केलं तर वापरायचा हक्क जातो. जुलै 2025 पासून सर्व्हरची किंमतही 10 टक्के वाढली. पण ज्यांचं ॲश्युरन्स आधीपासून चालू आहे त्यांना सर्व्हरचं लायसन्स नव्याने विकत घ्यावं लागत नाही, आणि असे बरेच आहेत. आधी आपला करार उघडून बघा, मग आकडा काढा.

राहिला क्लाउड. ज्यांना जमतंय त्यांनी जरूर जावं, टूलशेलमध्ये क्लाउडवरच्या शेअरपॉइंट ऑनलाइनला धक्का लागला नव्हता हेही खरं. पण ‘सर्व्हर बंदच होणार आहे’ हे कारण देऊ नका, सबस्क्रिप्शन एडिशनला किमान 2035 च्या अखेरपर्यंत सपोर्ट जाहीर झालाय. आणि क्लाउडवर जाणं अपग्रेडपेक्षा सोपं आहे असं समजत असाल तर थांबा, कारण तिथे वर सांगितलेली डब्ल्यूएसपीची फार्म सोल्युशन चालतच नाहीत, ती एसपीएफएक्ससारख्या नव्या पद्धतीत परत लिहावी लागतात, 2013 च्या पद्धतीचे वर्कफ्लो (मंजुरीचे आपोआप चालणारे टप्पे) तिथे 2 एप्रिल 2026 पर्यंतच, इन्फोपाथ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या साधनाचे फॉर्म 14 जुलै 2026 पर्यंतच. शंभरेक इन्फोपाथ फॉर्मवर रजा, खरेदी आणि प्रवासभत्ता चालवणाऱ्या ऑफिसला हे काम काही आठवड्यांचं नाही, आणि तोवर तो डेटा पॅच मिळणाऱ्या सर्व्हरवरच असला पाहिजे.