देणगी घ्यावी, सूट देऊ नये

मुलांच्या आणि तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी खासगी कंपन्यांनी पुढे यावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही समाजमाध्यम कंपन्यांकडे बोट दाखवून विचारता, "ज्यांनी मुलांची झोप उडवली त्यांच्याच पैशातून समुपदेशन चालवायचं? हे काम सरकारचं आहे."

सरकारचंच आहे. पण युनिसेफच्या २०२१ च्या अहवालानुसार १० ते १९ वयाच्या दर सात मुलामुलींमागे एकाहून जास्त जणांना मानसिक विकार असल्याचा अंदाज आहे, आणि सरकारं आरोग्यावरच्या खर्चातले जेमतेम दोन टक्के मानसिक आरोग्याला देतात. त्या दोन टक्क्यांत लहानथोर सगळे आले. ही तूट सरकार भरून काढेपर्यंत आज त्रासात असलेली मुलं मोठी होऊन जातील. म्हणून मी पैसा नाकारत नाही.

तुमचा राग मात्र मला पूर्ण पटतो. ब्रिटनमधली १४ वर्षांची मॉली रसेल २०१७ मध्ये गेली. तिने इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्टवर काय काय पाहिलं होतं, हे न्यायालयीन चौकशीत समोर आलं. ऑनलाइन मजकुराचा तिच्या मृत्यूला हातभार लागला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये निघाला. मॉली वापरत होती तेव्हा आपला मंच सुरक्षित नव्हता, हे पिंटरेस्टच्या अधिकाऱ्याने चौकशीत मान्य केलं. अशा नुकसानीची भरपाई कुठल्याच देणगीने होत नाही. तिथे कायदाच हवा. ब्रिटनने २०२३ मध्ये तो केला. देणगी दिली म्हणून नियमात सवलत मागणाऱ्या कंपनीला दारातूनच परत पाठवावं.

आता पैसा कशावर खर्च व्हावा? कंपन्यांना ॲप आणि जाहिरात मोहीम आवडते, कारण ती दिसते. गरज असते माणसांची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १० ते १५ वयाच्या मुलांसाठी 'ईझ' हा कार्यक्रम तयार केला आहे: मुलांची सात गटसत्रं, पालकांची तीन. तो चालवायला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही, प्रशिक्षित सामान्य कार्यकर्ता पुरतो. पण त्याला पगार लागतो, आणि अडल्यावर विचारायला कुणीतरी अनुभवी माणूस लागतं. हा खर्च दरवर्षीचा आहे. एका वर्षाचा निधी देऊन निघून जाणारी कंपनी मुलांचा नुकताच बसलेला विश्वास मोडून जाते, आणि ते मला देणगी न देण्यापेक्षाही वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्याही प्रतिक्रियेत नाही. कंपनी म्हणजे आईबापांची मालकही. उद्याची कामाची पाळी आज रात्री कळणाऱ्या आईला मुलाशी निवांत बोलायची वेळ ठरवताच येत नाही. पाळीचं वेळापत्रक दोन आठवडे आधी देणं, मूल आजारी असताना पगारी रजा देणं, यासाठी ना कुठली भागीदारी लागते ना समारंभ. एखादी कंपनी मुलांसाठी निधी जाहीर करते तेव्हा मी आधी तिच्या कामगारांच्या रजेचे नियम वाचतो. तुम्हीही वाचा, आणि जे दिसेल ते इथे लिहा. मला त्यावर पुढे बोलायचं आहे.