ॲबाचा ‘द व्हिजिटर्स’ हा दमलेल्या माणसांचा अल्बम नाही

ॲबाचा विषय निघाला की एक मत ठरल्यासारखं पुढे येतं. १९७४मध्ये ‘वॉटर्लू’ गाऊन युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकणारा स्वीडनचा हा चौघांचा, म्हणजे दोन जोडप्यांचा, बँड १९८१पर्यंत आतून संपला होता. दोन्ही जोडपी विभक्त झाली होती. ‘द व्हिजिटर्स’ हा त्या घटस्फोटांचा रडका अल्बम. आवाज यंत्राचा, थंड. गाण्यांत मजा नाही. लोकांनी तो नाकारला आणि मग बँड फुटला. एवढं झालं की सल्लाही मिळतो: ‘ॲबा गोल्ड’ हा निवडक गाण्यांचा संग्रह ऐका, तेवढं पुरे.

या मताचा एकेक धागा तपासला की फारसं काही हाती उरत नाही.

सुरुवात घटस्फोटापासून करू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. चौघांपैकी ब्यॉर्न आणि आग्नेथा हे जोडपं आधीच विभक्त झालं होतं. दुसरं जोडपं, बेनी आणि फ्रीडा, वेगळं होत असल्याचं फेब्रुवारी १९८१मध्ये जाहीर झालं आणि मार्चमध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं. हे खरंच आहे. पण अल्बममध्ये गाणी नऊ. त्यातली सरळ नातं तुटण्यावरची किती? ‘व्हेन ऑल इज सेड अँड डन’ आणि ‘वन ऑफ अस’. फार ओढूनताणून शेवटचं ‘लाइक अॅन एंजल पासिंग थ्रू माय रूम’ त्यात धरता येईल, कारण त्यात एकटेपण आहे. उरलेली सहा गाणी कशावर आहेत हे कोणी बघतच नाही. एक युद्धाच्या सावलीवर आहे, एक सोव्हिएत राजवटीतल्या बंडखोरांवर, एक संगीतावर, एक शाळेत निघालेल्या मुलीवर. ‘हेड ओव्हर हील्स’ तर एका धडाकेबाज बाईवर आणि तिच्यामागे धापा टाकणाऱ्या नवऱ्यावर आहे, आणि त्याला हसू फुटेल असा ठेका आहे.

बरं, जे खरोखर नातं संपल्याचं गाणं आहे, ते तरी रडकं आहे का? ‘व्हेन ऑल इज सेड अँड डन’चे शब्द ब्यॉर्नचे आणि ते गायली फ्रीडा, जिचं स्वतःचं लग्न नुकतंच मोडलं होतं. त्यात आरोप नाही, हंबरडा नाही. दोन मोठी माणसं एकमेकांचा मान राखून बाजूला होतात आणि गाणं पुढे पुढे धावत राहतं. फ्रीडा शब्द ज्या ठामपणे उचलते, त्यात मला तरी थकवा ऐकू येत नाही.

आणि ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’. हे गाणं घटस्फोटाच्या खात्यात टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ब्यॉर्नने ते स्वतःच्या मुलीला शाळेत जाताना पाहून लिहिलं आणि गायलं तिच्या आईने, आग्नेथाने. मुलगी दप्तर घेऊन निघते, वळून हात हलवते, नकळत हसते. आई मागे राहते. पुढच्या कडव्यात दोघी नाश्त्याच्या टेबलाशी आहेत, आई अजून अर्धवट झोपेत. मुलीबरोबर करायच्या कितीतरी गोष्टी मनात होत्या, त्यातल्या बऱ्याच राहून गेल्या. घटना एवढीच. एरवी सूर उंच नेणारी आग्नेथा इथे जवळजवळ बोलल्यासारखी गाते. तोपर्यंतच्या पॉपमध्ये प्रेमिक होते, बंडखोर होते. सकाळच्या घाईतली आई क्वचितच होती. ‘मामा मिया’ हे ॲबाच्या गाण्यांवरचं संगीतक आणि पुढे त्याचा २००८चा चित्रपट आला, तेव्हा मेरिल स्ट्रीपच्या तोंडी हे गाणं ऐकून लोकांना ते नव्याने सापडलं. ते पहिल्यापासून याच अल्बममध्ये होतं.

दुसरा आक्षेप आवाजाचा. ॲबाच्या पोलर स्टुडिओने त्या वर्षी ३एम कंपनीचं ३२ ट्रॅकचं डिजिटल रेकॉर्डर घेतलं. पहिली तीन गाणी जुन्या ॲनालॉग टेपवर झाली, नंतरची नव्या यंत्रावर. पॉप अल्बम डिजिटल पद्धतीने करण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांतला हा एक. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८२मध्ये, जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या कारखान्यात पहिल्या सीडी निघाल्या, त्यांत हाच अल्बम होता. तेव्हा आवाज धारदार आहे, हे मान्य. पण ही धार जिथे हवी तिथेच आहे.

शीर्षकगीतच घ्या. सुरुवातीला सिंथेसायझरचा एक सूर धरून ठेवलेला आहे. आपल्या कानाला तानपुरा आठवावा असा, फक्त त्यात विसावा नाही, दबा धरून बसणं आहे. त्यावर फ्रीडाचा आवाज येतो तो भिंतीपलीकडून आल्यासारखा, मुद्दाम विकृत केलेला. दारावरची बेल वाजते आणि बाई गारठते. खोलीत पुस्तकं आहेत, चित्रं आहेत. याच भिंतींआड मित्र जमायचे, दबक्या आवाजात स्वातंत्र्याच्या गोष्टी करायचे. आता दाराशी कोण आहे ते तिला कळून चुकलंय. मग ध्रुवपद फुटतं, ठेका धो धो सुरू होतो, आणि नाचावंसं वाटणारं संगीत हे एका माणसाच्या मनाचा तोल जाण्याचं संगीत ठरतं. सोव्हिएत संघातले बंडखोर आपल्या डोळ्यांसमोर होते, हे ब्यॉर्नने पुढे सांगितलं आहे. अशा गाण्याला ऊबदार, गुबगुबीत आवाज दिला असता तर तो खोटा वाटला असता.

तो काळही विसरून चालणार नाही. अल्बमचं काम शेवटच्या टप्प्यात असताना, २७ ऑक्टोबर १९८१ रोजी, एक सोव्हिएत पाणबुडी स्वीडनच्या कार्ल्सक्रुना नौदल तळाजवळ खडकात रुतून बसली. तटस्थ देशाच्या उंबरठ्यावर शीतयुद्ध येऊन थांबलं होतं. अल्बम ३० नोव्हेंबरला आला आणि दोनच आठवड्यांत, १३ डिसेंबरला, पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. गाणी या घटनांवरून रचली, असा माझा दावा नाही. पण अल्बममधलं युद्धाच्या सावलीवरचं ‘सोल्जर्स’ त्या डिसेंबरमध्ये स्टॉकहोममध्ये ऐकणाऱ्याला ही माणसं आपल्याच घरच्या दुःखात बुडालेली आहेत असं वाटलं असेल, हे मला पटत नाही. चौघांची नजर त्या वर्षी घराबाहेर होती.

कव्हरवरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल थोडंसं. स्टॉकहोममधल्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयातल्या यूलियुस क्रोनबेरी या चित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत चौघं एकमेकांपासून लांब उभे-बसलेले आहेत, मागे इरॉस या ग्रीक प्रेमदेवतेचं भलंमोठं चित्र, सगळीकडे काळोखी तांबडा रंग. फोटोत दुरावा आहेच. पण कव्हर बघून गाणी ठरवायची नसतात.

‘लोकांनी नाकारला’ हे तर साफ चूक. ब्रिटन, स्वीडन, पश्चिम जर्मनी या तिन्ही ठिकाणी अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. ‘वन ऑफ अस’ ब्रिटनमध्ये तिसरं आलं. घसरण झाली ती त्यानंतर: ‘हेड ओव्हर हील्स’ तिथे २५व्या क्रमांकावर अडकलं आणि १९७५च्या ‘एसओएस’पासून चालत आलेली पहिल्या दहातली मालिका तुटली. अमेरिकेत अल्बम २९वा होता. पण अमेरिकेत ॲबाचं एकच गाणं, ‘डान्सिंग क्वीन’, कधीकाळी पहिलं आलं होतं. तिथला आकडा दाखवून अपयश सिद्ध करणं म्हणजे सोयीचं तेवढंच उचलणं.

मग ही समजूत पसरली कशी? माझ्या मते याचं मोठं कारण १९९२चं ‘ॲबा गोल्ड’ आहे. जगभरातल्या दोन पिढ्यांना ॲबा कळला तो त्या १९ गाण्यांतून, आणि त्यात या अल्बममधलं फक्त ‘वन ऑफ अस’ आहे. जे एकच गाणं कानावर पडतं ते विरहाचं, म्हणून सगळा अल्बम विरहाचा! आपल्याकडेही ॲबा आला तो ठेक्याच्या अंगाने. १९७७च्या ‘हम किसीसे कम नहीं’मध्ये राहुलदेव बर्मन यांनी ॲबाच्या ‘मामा मिया’ या गाण्याची चाल वापरली होती. त्या ओळखीत ‘द व्हिजिटर्स’ बसत नाही. पण म्हणून तो कमअस्सल ठरत नाही.

अल्बम निर्दोष आहे, असं मी म्हणणार नाही. ब्यॉर्नने गायलेलं ‘टू फॉर द प्राइस ऑफ वन’ ही शेवटच्या ओळीसाठी रचलेली गंमत आहे. एकदा कळली की परत ऐकवत नाही, आणि ‘वन ऑफ अस’ आणि ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’ यांच्यामध्ये ते फार खटकतं. मी ते वगळूनच ऐकतो.

राहता राहिला शेवटचा मुद्दा, या अल्बमने बँड संपवला हा. १९८२च्या उन्हाळ्यात चौघं पुन्हा त्याच स्टुडिओत होते आणि तिथे त्यांनी ‘द डे बिफोर यू केम’ केलं. बँड बंद झाल्याची घोषणा त्यांनी तेव्हा केलीच नाही. ब्यॉर्न आणि बेनी गीतकार टिम राइसबरोबर ‘चेस’ या संगीतकाकडे वळले, आणि त्या वळणाची चाहूल ‘आय लेट द म्युझिक स्पीक’मध्ये स्पष्ट ऐकू येते: पाच मिनिटांहून लांब, पडद्यामागून रंगमंचावर येणाऱ्या गाण्यासारखी उलगडत जाणारी रचना. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, त्यांना अशी उडी घ्यावीशी वाटत नाही. ज्यांना फक्त ‘गोल्ड’ माहीत आहे त्यांनी याच गाण्यापासून सुरुवात करावी, मग ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’ ऐकावं, आणि शीर्षकगीत हेडफोन लावून, आवाज चांगला मोठा करून ऐकावं.