‘त्यांना काय कळतंय?’ या मेसेजला उत्तर

आमच्या पंचवटीतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘स्मृतिभ्रंश झालेल्याला स्वतःचं काही कळत नसतं. बरं-वाईट घरच्यांनाच विचारावं. आठवण गेली की आयुष्याचा दर्जाही गेला. फिरायला नेलं तरी घरी येईपर्यंत विसरतात.’ तिघांनी तो खास मला पाठवला, कारण माझ्या सासूबाईंना हा आजार आहे. वाचून फार लागलं.

‘काही कळत नसतं’ हे आधी घेते. आयुष्याचा दर्जा मोजायला ‘क्यूओएल-एडी’ नावाची प्रश्नावली आहे. तब्येत, उत्साह, मन, घर, स्मरणशक्ती, घरची माणसं, पैसा असे १३ प्रश्न. उत्तरं चारच: वाईट, ठीक, चांगलं, उत्तम. गुण १३ ते ५२. समोर बसून, कागद हातात देऊन विचारलं, की सौम्य आणि मध्यम टप्प्यातल्या बहुतेकांना उत्तरं देता येतात. सकाळी काय खाल्लं ते आठवणं वेगळं आणि आत्ता बरं वाटतंय का ते सांगणं वेगळं.

‘घरची माणसं कशी आहेत?’ असं विचारलं तेव्हा सासूबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘चांगली आहेत. पण घाई फार करतात.’ त्यांना आंघोळ घालताना मी घाई करते, हे खरंच आहे. त्या दिवशी त्यांना माझं नाव आठवत नव्हतं.

‘घरच्यांना विचारा.’ विचारतातच की. हेच १३ प्रश्न सांभाळणाऱ्यालाही असतात. पण आपण बहुधा रुग्णापेक्षा कमी गुण देतो आणि जितके थकलेले, तितके कमी, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. सासूबाईंनी स्वतःच्या उत्साहाला ‘चांगला’ म्हटलं, मी ‘वाईट’. आदल्या रात्री मी तीनदा उठले होते. म्हणूनच दोन्ही उत्तरं एकत्र करताना रुग्णाच्या उत्तराला दुप्पट वजन देतात.

बोलणंच थांबलं, तर मात्र दुसऱ्यालाच विचारावं लागतं, हे मान्य. त्यासाठीच्या ‘क्वालिड’ नावाच्या प्रश्नावलीत मागच्या आठवड्यातल्या ११ गोष्टी विचारतात: हसले का, रडले का, जेवण आवडीनं घेतलं का, कुणी हात धरलेला आवडला का.

आठवण आणि दर्जा यांचं नातं मेसेजवाल्यांना वाटतं तितकं घट्ट नाही. दर्जाचं नातं नैराश्याशी जास्त घट्ट आहे, आणि नैराश्यावर उपचार होतात.

राहिलं विसरण्याचं. आयोवा विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या होत्या. काय पाहिलं ते विसरले, तरी ती भावना मागे राहिली. परवा सासूबाईंना गंगेवर नेलं. रामकुंडाच्या पायरीवर बसून बराच वेळ पाण्यात हात घालून होत्या. घरी आल्यावर मला विचारलं, ‘गंगेवर कधी न्यायचं?’ पण पदर ओला होता आणि त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, त्यांनी ताटातला भात आपल्या हातानं कालवला.